आबांच्या पाठीतली काळी पट्टी

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात माझ्याकडे एकच हट्ट धरला. तो मी पुरवायला नको होता असं मला अजूनही वाटतं.

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे. घरच्या माणसाचा स्कॅन आपण करायचा नाही, असं आमच्याकडे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. हात थरथरतो हे एक कारण. खरं कारण दुसरंच आहे. स्कॅन झाल्याबरोबर चित्र पहिल्यांदा टेक्निशियनला दिसतं. डॉक्टर नंतर येतात. मधला वेळ ते चित्र पोटात घेऊन पेशंटसमोर साध्या चेहऱ्याने वावरायचं असतं. परक्या माणसापुढे ते जमतं, सवयीने जमतं. "काय दिसलं ताई?" असं कुणी विचारलं की मी म्हणते, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील," आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारते.

त्या दिवशी माझा सहकारी स्कॅन करायला तयार होता. आबा टेबलाजवळ उभे होते, हॉस्पिटलचा निळा झगा घालून. त्यांचे पाय त्या झग्याखाली इतके बारीक दिसत होते की मी नजर वळवली. ते त्याच्याकडे बघून हसले, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या हातात न्हाई द्यायचं मला. तूच कर."

मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कराडजवळच्या आमच्या गावी ऊस लावून राहिले. त्यांच्या अंगात दोन प्रकारचा धातू होता. तरुणपणी सीमेवरच्या एका चौकीवर तोफगोळा पडला, तेव्हाची लोखंडाची एक कपची छातीत राहिली होती, मोठ्या रक्तवाहिनीला लागून. काढायला गेलं तर जास्त धोका, म्हणून डॉक्टरांनी ती तशीच ठेवली. पुढे काही वर्षांनी डोंगरात त्यांची जीप दरीकडे कलंडली, मणका मोडला, आणि पाठीत स्टीलचे चार स्क्रू आणि दोन सळ्या बसल्या. यावर ते कधी बोलत नसत. गावात कुणी विचारलंच तर म्हणत, "सरकारी माल हाय, सरकारला परत द्यायचा ऱ्हायलाय."

दिवाळीनंतर त्यांची पाठ दुखायला लागली. जुनंच दुखणं, थंडीने उसळलंय, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मग पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवं भोक पाडलं. ते आईने पाहिलं आणि मला फोन केला. रोज संध्याकाळी त्यांचं अंग कोमट लागतं, हेही ती म्हणाली, पण थर्मामीटर लावू देत नाहीत. मी रविवारी गेले, तर आबा खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळले, मग हातावर जोर देऊन बसले, मग थोडं थांबले. एवढं पाहिल्यावर मी दुसऱ्याच दिवशी त्यांना साताऱ्याला एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

ते डॉक्टर भले होते. त्यांनी नीट तपासलं, रक्त घेतलं, सीटी काढायला सांगितलं. छातीतल्या कपचीमुळे एमआरआय करता येत नव्हता. चुंबकापुढे ती कपची हलली तर काय होईल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. सीटीच्या फिल्म आल्या, त्या डॉक्टरांनी उजेडावर धरल्या आणि बराच वेळ धरून ठेवल्या. मला तिथूनच दिसत होतं. जिथे मणका दिसायला हवा तिथे स्क्रूंमधून निघालेले पांढरे काटे होते, आणि काट्यांच्या मध्ये काळोख. डॉक्टर म्हणाले, यातून काही सांगता येत नाही. वजन इतकं उतरलंय, तेव्हा हाडात कुठून काही पसरलंय का, ते बघावंच लागेल.

"पसरलंय" हा शब्द आमच्या घरात एकदा येऊन गेला होता. माझ्या थोरल्या चुलत्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो मणक्यात पसरला होता. ते गेले तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. त्यांच्या फिल्ममध्ये मणक्याच्या मधोमध कुणी बोट खुपसून काढावं तसा खड्डा होता. साताऱ्याहून परतताना आबा गाडीत मागे आडवे झाले होते. मला वाटलं झोपले. आरशात बघितलं तर डोळे उघडे होते, टपावर लागलेले.

म्हणून मी त्यांना मिरजेला आणलं. आमच्याकडे वर्षभरापूर्वी नवं मशीन आलं होतं, आणि धातूच्या पेशंटला ते कामाला येतं हे मी पाहिलं होतं.

ते कसं, हे मी आबांना आदल्या संध्याकाळी समजावून सांगितलं होतं, जेवढं मला समजतं तेवढं. साध्या स्कॅनमध्ये नळीतून निघणारे किरण एका ताकदीचे नसतात. कमजोर, मध्यम, जोरदार, सगळे मिसळलेले असतात. आडवं स्टील आलं की कमजोर किरण त्यातच जिरतात, जोरदार तेवढे पलीकडे पोचतात, आणि संगणकाचा अंदाज फसतो. त्यातून ते काटे आणि तो काळोख उमटतो. नव्या मशीनवर तोच भाग दोन वेगवेगळ्या ताकदींच्या किरणांनी टिपला जातो. दोन्हींत काय फरक पडला त्यावरून संगणक ठरवतो, की कुठल्या जागी शरीर पाण्यासारखं वागतंय आणि कुठे इंजेक्शनने दिलेल्या रंगातल्या आयोडीनसारखं. मग त्यावरून तो नवी चित्रं तयार करतो: सगळे किरण एकाच ताकदीचे असते तर काय दिसलं असतं, ते. माऊस फिरवला की पडद्यावरचा ताकदीचा आकडा बदलतो, चाळीस, सत्तर, एकशेतीस, आणि चित्रही बदलतं. आकडा चढवला की धातूचे काटे कमी होतात.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "म्हंजे तसला एकाच ताकदीचा किरण तुमी मारतच न्हाई?"

"न्हाई. तसा किरण आमच्या नळीतून निघतच न्हाई."

"मग फोटो कशाचा?"

मी म्हणाले, काढलेला नाही, बनवलेला. दोन खऱ्या फोटोंवरून. वर्षभर मी अशी चित्रं रोज बनवत होते आणि त्या प्रश्नाची मला कधी भीती वाटली नव्हती. त्या संध्याकाळी वाटली.

टेबलावर त्यांना झोपवलं तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन मी शीर शोधली. हात गार होता. रंगाचं इंजेक्शन जाताना अंगात एकदम ऊब पसरेल, तोंडाला धातूची चव येईल, घाबरू नका, असं मी प्रत्येकाला सांगते, तसंच त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी बाहेर आले, जाड दार लावून घेतलं आणि काचेपलीकडे त्यांचे पांढऱ्या मोज्यांतले पाय मशीनच्या गोल कड्यात सरकताना बघत राहिले. मशीनने नेहमीच्या आवाजात श्वास रोखायला सांगितलं. आबांनी मशीनने सोडायला सांगितल्यानंतरही थोडा वेळ रोखून धरला असावा, कारण त्यांची छाती खाली यायला उशीर झाला.

माझा सहकारी त्यांना उतरवून बाहेर आईजवळ घेऊन गेला. मी कॉन्सोलवर, मशीनच्या संगणकापुढे, बसले. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या रेडिओलॉजिस्ट, सांगलीहून तीन वाजता येणार होत्या. तेव्हा अकराच वाजले होते. चित्रं बनवून ठेवणं हे माझं कामच होतं. ती बघत बसणं हे नव्हतं.

सत्तरच्या चित्रात तेच काटे होते, साताऱ्याच्या फिल्मवरचे. मी आकडा चढवला. शंभरला काटे आखूड झाले. एकशेतीसला मणका दिसायला लागला, त्याची कड, मागची कमान, स्क्रूंचे आटेसुद्धा. मला बरं वाटायला लागलं होतं. आणि मग मणक्याच्या बरोबर मध्ये, दोन स्क्रूंच्या दरम्यान, मला काळी पट्टी दिसली.

मी एकशेपन्नास केलं. पट्टी थोडी बारीक झाली. एकशेसत्तर केलं. आणखी थोडी. पण गेली नाही. काटे गेले होते, आणि ही राहिली होती. काट्यांच्या मागे लपलेलं हेच होतं, असं माझ्या मनाने घेतलं. चुलत्यांच्या फिल्ममधला खड्डा मला इतका स्पष्ट आठवला, की पडद्यावर कुठली फिल्म आहे हे क्षणभर कळेना. दुसरं मन म्हणत होतं की धातूची सावली पूर्ण कधीच जात नाही, हे तू स्वतः नव्या पोरींना शिकवतेस. पण ते मन फार बारीक आवाजात बोलत होतं. मी आकडा वर-खाली, वर-खाली करत बसले. पट्टी दिसल्यापासून एकशेदहाच्या खाली मात्र मी एकदाही गेले नाही. काटे परत दिसतील म्हणून.

त्यानंतर तीन पेशंट झाले. मी त्यांची नावं पुकारली, सुया लावल्या, श्वास रोखायला लावला. एका आजींनी जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खोटंच खोकले.

जेवायच्या सुट्टीत बाहेर गेले. आईने बाकावर डबा उघडला होता. तिने मला भाकरी दिली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मग डब्यातलं पिठलं नीट करत राहिली. थोड्या वेळाने ती पाणी भरायला उठली आणि मुद्दामच सावकाश गेली.

आबा म्हणाले, "काय दिसलं?"

मी म्हणाले, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"ते लोकास्नी सांग. मी तुझा बाप हाय."

मी खाली बघत होते. मनात किती तरी वाक्यं तयार झाली, आणि सगळी खोटी होती. शेवटी म्हणाले, "आबा, मणक्यात एक काळी पट्टी दिसतीया. खरी हाय का मशीननं काढलीया, ते मला कळंना. मला लय भ्या वाटतंय."

पेशंटशी मी असं कधी बोललेले नाही, आणि बोलूही नये. पण आबांचा चेहरा उलट मोकळा झाला. बहुतेक त्यांना त्याहून वाईट काहीतरी वाटत होतं. किंवा आता आपण एकटे घाबरलेलो नाही, एवढंच त्यांना पुरलं असेल.

ते सावकाश बोलले. चौकीवर धुक्यात दुर्बीण लावली की समोर माणूस दिसायचा, म्हणाले. हलायचासुद्धा. गोळी घालायची तर हुकूम असा होता, की दुसऱ्या जागेवरच्या जवानालाही तोच माणूस दिसला पाहिजे. त्याला दिसला नाही तर तो दगड. "एका रात्री मला सात माणसं दिसली हुती. उजाडल्यावर बगतोय, तर झुडपं." मग माझ्या हातातल्या अर्ध्या भाकरीकडे बोट करून म्हणाले, "तुझ्या मॅडम येऊ देत. तवर खा."

मी खाल्लं. चव लागली नाही, पण खाल्लं.

मॅडम सव्वातीनला आल्या. त्या फार कमी बोलतात, आणि कुणी मागे उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. मी मागे उभी राहिले आणि त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांना कळलं होतं पेशंट कोण आहे.

त्यांनी एकशेतीसचं चित्र लावलं, पट्टीवर आल्या, आणि चित्राचा एकेक आडवा काप खाली सरकत गेल्या. "ही बघतेस ना तू सकाळपासून?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"ही स्क्रूपासून स्क्रूपर्यंत सरळ रेघ आहे. आजार इतका सरळ रेषेत खात नाही. आणि हे बघ, स्क्रू संपले त्या कापाला पट्टीही संपली. धातूची सावली आहे, राहिलेली."

मी खुर्चीची पाठ धरली. त्या वेळी त्यांनी तिथेच थांबावं, रिपोर्ट लिहावा आणि घरी जावं, असं मला फार वाटत होतं. पण त्यांनी आकडा खाली आणायला सुरुवात केली. शंभर, सत्तर, पन्नास. काटे परत आले, आधीपेक्षा मोठे, मणका पुन्हा दिसेनासा झाला. मला वाटलं, हे कशासाठी? त्यांची नजर मात्र मणक्यावर नव्हतीच. त्या बाजूला बघत होत्या, डाव्या हाताला, मणक्याला लागून खाली उतरणाऱ्या जाड स्नायूत.

आकडा खाली गेला की रंगाच्या इंजेक्शनमधलं आयोडीन उजळतं, हे मला पाठ आहे. परीक्षेत लिहिलंय मी. त्या स्नायूत, स्क्रूंपासून चार बोटं खाली, एक काळसर लांबट जागा होती आणि तिच्याभोवती पातळ उजळ कडा होती. एकशेतीसच्या चित्रात ती कडा दिसतच नव्हती, सगळा स्नायू एकसारखा राखाडी होता. मी चार तास पडद्यासमोर येऊन-जाऊन बसले होते आणि ज्या बाजूला जायला हवं होतं त्या बाजूला भीतीने गेलेच नव्हते.

मॅडमनी त्याच उंचीवरची मणक्यांमधली गादी बघितली. तिथे धातू नव्हता. तिच्या दोन्ही बाजूंची हाडं कुरतडल्यासारखी दिसत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पू वाटतोय. पण सुई घालून बघेपर्यंत मी कुठलंच नाव घेणार नाही. तूही घेऊ नकोस, मनातसुद्धा."

मनात न घेणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर आबांना पालथं झोपवून मॅडमनी सुई घातली. त्या वेळी मी खोलीत नव्हते. मला जाऊच दिलं नाही, आणि बरं केलं. सिरिंजमध्ये पिवळट दाट पाणी आलं, असं सहकाऱ्याने बाहेर येऊन सांगितलं. ते तपासायला गेलं. तिथून अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी घरात वस्तू पुसत होते. भांडी, खिडक्या, सायकलीची चाकं. पोरगी म्हणाली, आई, ही भांडी तू सकाळी पुसली होतीस. आबा-आई आमच्याकडेच होते, आणि आबा दर तासाला मला विचारत होते की तू जेवलीस का. ते त्यांच्या भीतीचं नाव होतं, हे मला उशिरा कळलं.

टीबी निघाला, मणक्याचा.

फोनवर मॅडमनी सांगितलं तेव्हा मी "थँक यू" म्हणाले. एखाद्याला टीबी झाल्याबद्दल आभार मानणारी मी पहिलीच असेन. मग पुढचं ऐकलं. औषधं वर्षभर तरी, कदाचित जास्त. पाय बधिर झाले, लघवी अडली, तर त्याच मिनिटाला ऑपरेशन, एक तास थांबायचं नाही. आईला मी हे तीनदा सांगितलं आणि तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, तिच्या मोठ्या अक्षरात. पुढचे कित्येक महिने मी रोज सकाळी सहाला गावी फोन करून एकच प्रश्न विचारायचे, पायाची बोटं हलतात का. आबा म्हणायचे, "हलत्यात. मीबी हलतोय." एके दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. मी चप्पल न घालता गाडीची किल्ली घेऊन खाली उतरले होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला. ते उसाकडे चालत गेले होते.

वर्षाने पुन्हा स्कॅन झाला. या वेळी आबांनी हट्ट धरला नाही, आणि मीही दारापर्यंतच गेले. आईशेजारी बाकावर बसले आणि आतून येणारा मशीनचा आवाज ऐकला, जो मी रोज ऐकते आणि कधी ऐकत नाही. मॅडमनी बोलावून घेतलं. पू गेला होता. कुरतडलेली हाडं एकमेकांना धरून भरत आली होती. एका स्क्रूभोवती मात्र बारीक मोकळी जागा दिसत होती. तो ढिला झालाय, म्हणाल्या. दुखत नाही तोवर हात लावायचा नाही, पण लक्ष ठेवायचं.

आबांना मी ते तसंच सांगितलं, काही न लपवता. त्यांनी विचारलं, "आता घरी जाऊ का?"

संध्याकाळच्या रेल्वेने आम्ही तिघं कराडला निघालो. आता त्यांना बसून प्रवास जमत होता. खिडकीची जागा मिळाली. ताकारी स्टेशनच्या पुढे आबा डोकं मागे टेकून झोपले, तोंड थोडं उघडं ठेवून. आई शेंगा सोलत होती. बाहेर तोडणी झालेल्या रानात उसाचं पाचट पेटवलं होतं. मी आबांच्या सदऱ्याचं वरचं बटण बघत बसले. ते वर येत होतं, खाली जात होतं. कराड येईपर्यंत मी दुसरीकडे बघितलं नाही.